लेन्समधला लाल ठिपका

मुंजाजीनानांना लाल रंग दिसत नाही, हे युसूफ वडगावात तिघांनाच माहीत होतं. एक ते स्वतः, दुसरी त्यांची बायको रतनबाई आणि तिसरा मी. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला लाल न दिसणं म्हणजे आचाऱ्याला मीठ न कळण्यासारखं. म्हणून ही गोष्ट आम्ही तिघांनी कधी दुकानाबाहेर जाऊ दिली नाही.

मी अंगद. माझं मोबाइलचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून आहे, मधे फक्त एक पत्रा. त्या पत्र्यातून सतरा वर्षं मी त्यांचा संसार ऐकत आलोय. भांडण कमीच. दिवसभर एकच चालायचं. नाना विचारायचे, "कुठला?" काकू सांगायच्या, "पिवळा, जांभळा, तांबडा, सोनेरी." मग सोल्डरचा डाग दिल्याचा चर्र आवाज आणि राळेचा वास.

हे काय गौडबंगाल, ते मला पहिल्या महिन्यात कळलं नाही. सर्किटमध्ये रेझिस्टर नावाचा गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा असतो, तो वीज अडवतो. किती अडवतो ते त्याच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून कळतं. नानांना त्यातला लाल काळपट दिसायचा, हिरवा आणि तपकिरी एकसारखे दिसायचे. काकू चौथी शिकलेल्या, माहेर धर्मापुरीचं. लग्न होऊन आल्यावर आठवड्याभरात त्यांनी नवऱ्याची ही खोड ओळखली आणि काही न बोलता शेजारी स्टूल टाकून बसल्या. त्या स्टुलावरून त्या पुढे तीस वर्षं उठल्या नाहीत. दुकानाच्या पाटीवर नाव मुंजाजीचं होतं, पण दुकान चालायचं ते काकूंच्या डोळ्यांवर.

मी एकदा नानांना म्हटलं होतं, की तुमच्याकडे मीटर आहे, मीटर लावला की आकडा कळतो, मग काकूंना कशाला कामाला लावता? नानांचा मीटर जुना, त्याचं बटण फिरवलं की खटक्-खटक् असा आवाज यायचा. नाना म्हणाले, "मीटर काढस्तोवर ती सांगून मोकळी व्हती." कारण बरोबर होतं. पण खरं कारण ते नव्हतं, हे पत्र्याला कान लावून बसणाऱ्या माणसाला कळत होतं.

व्हीसीडीच्या काळात या दुकानाचे खरे दिवस होते, असं नाना नेहमी सांगायचे. ऊसतोडीवरून टोळ्या परतल्या की वस्त्यावस्त्यांवर नवे प्लेयर यायचे आणि पुढच्या तोडीला जायच्या आत त्यातले निम्मे नानांच्या टेबलावर. तक्रार ठरलेली, डिस्क घेत नाही. मग झाकण काढायचं, लेन्स कापसानं पुसायची आणि लेन्सला जीव आहे का ते बघायचं. त्या लेन्सखाली लेझरचा डायोड असतो. त्याचा उजेड माणसाच्या डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. अंधार करून बघितलं तर आत खोल कुठेतरी खसखशीच्या दाण्याएवढा लाल ठिपका दिसतो. ठिपका दिसला की लेन्स चांगली, नाही दिसला की गेली. तेव्हाचा प्रत्येक मेकॅनिक असंच बघायचा. नाना शटर निम्मं ओढायचे, बटण दाबायचे आणि काकू एक डोळा मिटून लेन्सवर वाकायच्या.

"दिसतंय का?"

"दिसतंय."

अशा हजारभर लेन्स त्यांनी बघितल्या असतील आणि त्यांना काही झालं नाही. प्लेयरमधला लेझर तसा गरीब असतो. आत एक पिवळं स्टिकर असायचं, त्यावर इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं. ते कुणीच वाचलं नाही.

मग मोबाइल आले आणि व्हीसीडी भंगारात गेल्या. म्हणजे नानांचं दुकान एका अर्थानं माझ्याच दुकानानं खाल्लं, हे मला पहिल्यापासून खुपतं. नाना मात्र कधी टोचून बोलले नाहीत. गिऱ्हाईक कमी झालं तसा त्यांना वेळ मिळाला, आणि वेळ मिळाला तशी हौस सुटली. पाण्याची टाकी भरली की वाजणारी पेटी केली, वीज गेल्यावर आपोआप लागणारा देवघरातला दिवा केला. बरीचशी गावाला नको असलेलीच कामं. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, आणि ते दुसऱ्याच कुणाला तरी भरावं लागतं.

गेल्या वर्षी काकूंचे गुडघे गेले. दुकानामागच्या खोलीतून समोरच्या मारुतीच्या देवळात जायचं तरी त्यांना जमेना. चैत्रात गावचा सप्ता असतो. काकूंना कीर्तनातलं बाकी काही नको, पखवाज पाहिजे. माहेरी त्यांचे वडील वाजवायचे. नानांनी ठरवलं की देवळातल्या मायकचा आवाज लेझरच्या उजेडावर बसवून रस्त्यापलीकडून थेट आपल्या खिडकीत आणायचा. खिडकीत बागेतल्या दिव्याची छोटी सोलर प्लेट लावायची, उजेडाचा पुन्हा आवाज करायचा.

मी हसलो. सप्त्याचा भोंगा शेजारच्या गावाला झोपू देत नाही, आणि हे तो आवाज घरात आणायला लेझर लावतायत. नाना चिडले नाहीत. म्हणाले, "भोंग्यात सगळं फुटून येतं बे. पखवाजाचा डावा हात ऐकू येतो का तुला त्यात? तिला तोच पायजे." तार टाका म्हटलं, तर म्हणे उसाचे ट्रॅक्टर तोडतात. खरं सांगायचं तर त्यांना तार टाकायचीच नव्हती. त्यांना उजेडावरून आवाज आलेला बघायचा होता, आणि तो काकूंसाठी आला तर सोन्याहून पिवळं.

लेझरचा डायोड ही फार नाजूक जात. नानांनी भंगारातल्या डीव्हीडीमधून तीन काढले आणि तिन्ही मारले. मेलेला डायोडही मिणमिण पेटतो, पण त्याला धार राहत नाही, भिंतीवर नुसता डाग पडतो. पहिला घरच्या विजेच्या झटक्यानं गेला, दुसरा हाताच्या नुसत्या स्पर्शातल्या विजेनं, तिसरा कपॅसिटरमध्ये साठून राहिलेल्या विजेनं. नाना आठवडाभर गप्प बसून विचार करत होते. मग एक दिवस शिकवायला माझ्या काउंटरवर आले. म्हणाले, "आपण दाब मोजत बसतो, थितंच चुकतं. ठिबकचं कसं हाय? मोटर कितीबी जोर करू दे, थेंब ठरल्यालाच पडतो. डायोडला तसा ठरल्याला थेंब द्यायचा."

तसं सर्किट त्यांनी केलं. प्रवाह ठराविक ठेवणारी चिप, तिला दहा-दहा ओहमचे दोन रेझिस्टर जोडीनं, ते काकूंनी निवडून दिलेले. प्रवाह कमीजास्त करायला एक बारीक स्क्रू. घरची वीज नको म्हणून फवारणीच्या पंपाची बॅटरी. डायोड जोडण्याआधी त्याच्या जागी साधे डायोड लावून प्रवाह मोजला. कपॅसिटरचे पाय एकमेकांना टेकवून रिकामा केला. नव्या डायोडचे पाय पातळ तारेनं बांधून ठेवायचे, मनगटाला तांब्याची तार गुंडाळून ती जमिनीत गाडलेल्या पाइपाला जोडायची, डायोड गरम होऊ नये म्हणून पितळेच्या तुकड्यात बसवायचा. एवढी काळजी मी माझ्या पोरांचीही घेतली नाही. ती सगळी डायोडला जपायची होती, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. नानांच्याही नाही.

आता माझा भाग. डायोड मी मागवला, माझ्या मोबाइलवरून. दोन प्रकार दिसत होते. एक लाल, पाच मिलिवॅटचा. दुसऱ्यापुढे आठशे आठ असा काहीतरी आकडा आणि पुढे पाचशे मिलिवॅट. दोन्हीच्या किमतीत फारसा फरक नव्हता. मोबाइलवाल्याला एकच शिकवण असते, कॅमेरा असो की बॅटरी, आकडा मोठा म्हणजे माल चांगला. मी नानांना म्हटलं, शंभरपट ताकदीचा मिळतोय, लांब जाईल. नाना म्हणाले, "तुला काय ते बघ." खाली लेझरसमोर घालायचा एक चष्माही दाखवत होते, सोबत घ्या म्हणून. चष्मा डायोडपेक्षा महाग. "चष्मा घ्यायचा का?" असं मी विचारलं, एकदाच. नाना म्हणाले, "मला चाळिशी हाय की." आम्ही दोघं हसलो. मी चष्म्यावरचं बोट काढलं आणि पुढे गेलो.

डबीतून एक कागद आला होता, बारीक अक्षरांचा. तो मी डबीसकट नानांना दिला. त्या कागदात नानांनी शेंगदाणे खाल्ले.

सप्ता बसायला तीन दिवस होते. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. नानांच्या दुकानाचं शटर निम्मं ओढल्याचा आवाज आला. मी एका मोबाइलची काच बदलत होतो. पत्र्यापलीकडे काय चाललंय ते न बघताच कळत होतं. नानांचे डोळे मीटरवर, काकूंचा डोळा नव्या डायोडच्या लेन्सवर. बाजूनं काही दिसेना, तेव्हा काकू स्टूल ओढून समोर आल्या. स्टूल ओढल्याचा आवाज मला अजून येतो.

"दिसतंय का?"

"बारीक दिसतंय."

नानांनी स्क्रू थोडा फिरवला असणार. बारीक ठिपका म्हणजे लेन्स चांगली, हे वीस वर्षं मुरलेलं. पण शंभरपट ताकदीचा ठिपका बारीक कसा, म्हणून त्यांनी आणखी थोडा वाढवला.

"आता?"

"तेवढंच." मग थोडं थांबून, "अवं, मधी काळं काळं दिसाया लागलं."

"डायोड गेला का काय?" नाना घाबरून म्हणाले. मीटर बघत असावेत, कारण लगेच म्हणाले, "न्हाई, प्रवाह बरोबर हाय. नीट बघ बरं."

"डोळ्यात काय तरी गेलं वाटतं. थांबा, डाव्यानं बघते."

हे वाक्य मी ऐकलं. माझ्या हातात चिमटा होता. माझ्या दुकानात त्या वेळी लहानमोठे चाळीस मोबाइल होते. रिमोट बंद पडला की मी तो मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून दाबतो. डोळ्याला न दिसणारा उजेड कॅमेऱ्यात पांढराशुभ्र दिसतो, हे गावातल्या पोरालाही मी दाखवलेलं आहे. त्यातला एक मोबाइल घेऊन पलीकडे जायला मला दहा पावलं लागली असती. पण डोक्यातच आलं नाही. मी काच बदलत राहिलो.

मग काकू म्हणाल्या, "याच्यातबी तसंच." आणि थोड्या वेळानं, अगदी साध्या आवाजात, "अवं, तुमचं तोंड कुठं गेलं?"

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढून दोघांना अंबाजोगाईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. नाना रस्त्यात म्हणत होते की डोळे दिपलेत, उतरेल. काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांना कडेचं सगळं दिसत होतं, झाडं, खांब, म्हशी. ज्याच्याकडे बघतील तेवढंच दिसत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसला उजेड होता. नानांनी प्रवाहाचा आकडा सांगितला. अडीचशे मिलिअँपिअर, त्याच्या वर एकदाही जाऊ दिला नाही. शाळेत बरोबर उत्तर देणाऱ्या पोरासारखं सांगितलं त्यांनी. बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी पडद्यावर डोळ्याच्या आतला फोटो दाखवला. दोन्ही डोळ्यांत, बरोबर मध्यभागी, विडीनं चादरीला पडावा तसा डाग. बाई समजावून सांगत होत्या. हा उजेड दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही. दिसला असता तर डोळा आपोआप झाकला गेला असता. अंधार केला होता म्हणून बाहुली मोठी झालेली, त्यामुळे जास्तच आत गेला. आत दुखण्याची सोय नसते, म्हणून कळलंही नाही.

नानांनी एकच विचारलं, "माझा काढून तिला बसवता येतो का?"

बाईंनी नाही म्हणून सांगितलं. त्यांनी ते नीट, हळू आवाजात सांगितलं. मोठ्या शहरातही कुणी हा डाग पुसू शकणार नाही, हेही सांगितलं. आम्ही तरी पुण्याला जाऊन आलो. तिथेही तेच ऐकलं.

सप्ता झाला. भोंग्यातून कीर्तन आलं, फुटकं फुटकं. मी खिडकीपाशी गेलो होतो. काकू खाटेवर बसल्या होत्या, नाना खाली. काकू म्हणाल्या, "येतंय की ऐकू. डावा हातबी येतोय." खोटं होतं ते. नाना गुडघ्यात डोकं घालून रडत होते आणि काकू हातानं चाचपत त्यांचं डोकं शोधत होत्या. मी तसाच मागे फिरलो.

डायोड अजून शाबूत आहे. पितळेच्या तुकड्यात बसवलेला, पाय बांधलेले, नानांच्या ड्रॉवरमध्ये. एवढं जपलेला डायोड मरत नसतो. मी एकदा त्यांच्या माघारी तो जोडून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर भिंतीवर धरला. स्क्रीनवर पांढरा जाळ दिसला. दोन सेकंदांत कळलं सगळं, आठशे आठ म्हणजे न दिसणारा उजेड हेही. मी दुकान बंद करून घरी गेलो आणि दोन दिवस आलो नाही.

महिन्याभरानं मी काकूंसमोर कबूल केलं की तो डायोड मी निवडला होता आणि चष्मा मी सोडला होता. मला वाटत होतं त्या शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्या कानाच्या बाजूला बघत होत्या, कारण तसं बघितलं तरच मी त्यांना दिसतो. म्हणाल्या, "तुला तरी काय म्हाईत. आमी तर जन्मभर तेच केलं." मग विचारलं, तुझ्या पोरीच्या शाळेचं काय झालं. मला त्यांच्या चांगुलपणाचा राग आला. अजून येतो.

पावसाळा सरता सरता पत्र्यापलीकडून पुन्हा आवाज यायला लागले. काकू भिंत धरत धरत आल्या आणि स्टुलावर बसल्या. तलवाड्याकडचा कुणी आश्रुबा नावाचा म्हातारा इथल्या पाहुण्याकडे आला होता. टोळीबरोबर तोडीला जायच्या आत जुना रेडिओ नीट करून द्या म्हणून बसला होता. थोड्या वेळानं मला ऐकू आलं.

"कुठला?"

माझा हात थांबला. मग काकूंचा आवाज, "तपकिरी, काळा, तांबडा, सोनेरी."

"बरोबर," नाना म्हणाले. आणि मग अगदी हळू, दाबून फिरवलेल्या बटणाचा आवाज. खटक्. खटक्. मीटर.

असं दोन महिने चाललं. नाना विचारायचे, काकू काहीतरी सांगायच्या, नाना बरोबर म्हणायचे आणि चोरून मीटर लावायचे. बटणावर फडकं धरत असावेत, आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. मी दोनदा सांगून बघितलं, की नाना, रंग मला दिसतात, मला हाक मारत जा. दोन्ही वेळा ते म्हणाले, "ती हाय की." माझ्याकडे न बघता म्हणाले. मला वाटायचं, असू दे, एवढं तरी दोघांना राहिलंय. ही चोरी कधी उघडी पडू नये, अशी मी माझ्या काउंटरवरून देवाला प्रार्थना करत होतो. मी देवळात न जाणारा माणूस.

दिवाळीनंतरची गोष्ट. गावातल्या टोळ्या तोडीला निघून गेल्या होत्या, रस्ता ओस होता, त्यामुळे पलीकडचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"कुठला?" नाना म्हणाले.

"हिरवा, निळा, तांबडा, सोनेरी."

"बरोबर."

फडक्याखालून खटका आला. इतका बारीक, की मलाही जेमतेम ऐकू आला.

"अवं," काकू म्हणाल्या.

"काय?"

"मला त्यो खटका पयल्या दिवसापास्नं ऐकू येतोय."

पलीकडे मीटर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"तुमाला बरं वाटावं म्हणून मी सांगत व्हते," काकू म्हणाल्या. "आता न्हाई व्हत माझ्यानं. उद्यापास्नं इचारू नका."

स्टूल मागे सरकल्याचा आवाज आला, मग भिंतीवरून हात फिरवत जाणारी पावलं, मागच्या खोलीपर्यंत. बऱ्याच वेळानं डाग दिल्याचा चर्र आवाज आला.

नानांचं दुकान उघडं असतं अजून. रोज सकाळी शटर वर जातं. खटके मोठ्यानं वाजतात, आता त्यावर फडकं नसतं. "कुठला?" मात्र त्या दिवसापासून मी एकदाही ऐकलेलं नाही.